वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी भरायला किती तास?

प्रश्न : आमच्या गाडीची बॅटरी ३० युनिटची आहे. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला साडेअकरा तास लागतात. विक्रेत्याने नऊ सांगितले होते. बॅटरीत दोष असेल का? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : बॅटरीवर संशय घेण्याआधी हिशेब मांडून पाहा. ३० पैकी ८० टक्के म्हणजे २४ युनिट बॅटरीत जायला हवेत. दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर सुमारे २७ युनिट पडतात. चार्जर १३ अँपिअर ओढत असेल तर २३० व्होल्टला तीन किलोवॉट मिळतात आणि नऊ तासांत काम होते. तोच १० अँपिअरवर चालत असेल तर मिळतात २.३ किलोवॉट, म्हणजे पावणेबारा तास. तुमचा आकडा याच्याच जवळ आहे. बऱ्याच गाड्यांत किंवा चार्जरवर करंट कमी-जास्त करण्याची सोय असते, ती आधी तपासा. संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत उतरत असेल, तर १३ अँपिअरलाही तास-सव्वा तास जास्त लागतो. रात्री अकरानंतर लावून फरक पाहा.

प्रश्न : मग ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्सच (भिंतीवरचा चार्जर) बसवावा का? – गंगापूर रोड

उत्तर : गाडीतला ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे घरची वीज बॅटरीत भरणारे गाडीतलेच यंत्र, ७.२ चा असेल तरच. तो ३.३ चा असेल तर भिंतीवर काहीही लावा, गाडी ३.३ पेक्षा जास्त घेणार नाही. वरच्या उदाहरणात आठ तास लागतील, पावणेचार नव्हेत. ७.२ साठी ३२ अँपिअर लागतात. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार पाहा आणि कमी असेल तर आधी वाढवून घ्या.

प्रश्न : दोन तासांत प्लग हात लावू नये इतका तापतो. कधी चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतो. – सिडको

उत्तर : चार्जिंग आजच थांबवा. गिझर दहा-पंधरा मिनिटे चालतो, गाडी रात्रभर. त्यामुळे गिझरला चाललेले सॉकेट इथे टिकेलच असे नाही. सैल स्क्रूच्या जोडात केवळ ०.१ ओहमचा अडथळा असला, तरी १३ अँपिअरला तिथे १७ वॉट उष्णता तयार होते, आणि तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. प्लास्टिक पिवळे पडते, पितळी पट्टीची पकड जाते, मग ती आणखी तापते. जुन्या इमारतींतल्या अ‍ॅल्युमिनियम वायरीचे जोड लवकर सैल होतात. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको.

मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर, २० अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची ‘ए’ प्रकारची आरसीसीबी (वीज गळू लागली की तोडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचे इंडस्ट्रियल सॉकेट बसवून घ्या. चार्जरच्या प्लगला ते जुळते का, हे आधी पाहा. वॉलबॉक्सला किमान ६ चौरस मिमी वायर लागते, अंतर जास्त असेल तर १०.

लाल दिव्याचे कारण बहुधा अर्थिंग. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज मोजून घ्या. चार-पाचच्या वर असेल तर दुरुस्ती हवीच. नाशिकच्या मुरूम-कातळाच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. मार्चपासून त्यात नियमित पाणी घाला. अर्थिंगला बगल देऊन चार्जर फसवण्याचा सल्ला कुणी दिला, तरी ऐकू नका. शॉक लागून जीव जाऊ शकतो.

प्रश्न : मुंबईहून परतताना ५० किलोवॉटच्या फास्ट चार्जरवर किती वेळ थांबावे? – पाथर्डी फाटा

उत्तर : यंत्रावर ५० लिहिले असले, तरी किती घ्यायचे ते बॅटरी ठरवते. ३० युनिटची बॅटरी १० ते ८० टक्के भरायला साधारण तास धरा. ८० नंतर वेग इतका घसरतो की, उरलेल्या २० टक्क्यांसाठी थांबणे क्वचितच परवडते. कसारा घाट चढण्याआधीच भरून घ्या. मुंबईपासून इगतपुरीपर्यंत सुमारे ६०० मीटर चढ आहे. दीड टनाच्या गाडीला त्या चढासाठीच तीनेक युनिट जादा लागतात, म्हणजे तुमच्या बॅटरीचे दहा टक्के. डिसेंबर-जानेवारीत नाशिकहून पहाटे निघताना थंड बॅटरी फास्ट चार्जरला लावू नका. तासभर गाडी चालल्यावर लावली तर वेळ वाचतो.