अभिमन्यूला जयद्रथाने मारलं नव्हतं, मग अर्जुनाची शपथ त्याच्याच विरुद्ध का?

जयद्रथाने अभिमन्यूवर शेवटचा घाव घातला नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण त्याने जे केलं, त्याशिवाय तो घाव पडलाच नसता.

युद्धाच्या तेराव्या दिवशी संशप्तकांनी, म्हणजे जिंकू किंवा मरू अशी शपथ घेतलेल्या योद्ध्यांनी, अर्जुनाला दूर दक्षिणेकडे गुंतवून ठेवलं होतं. चक्रव्यूह फोडता येणारे चौघेच, असं युधिष्ठिर म्हणतो: अर्जुन, कृष्ण, प्रद्युम्न आणि अभिमन्यू. अभिमन्यू आधीच सांगतो, 'उपदिष्टो हि मे पित्रा', शिरायचं वडिलांनी शिकवलंय, पण आत संकट आलं तर बाहेर पडता येणार नाही. (सुभद्रेला झोप लागल्याची गोष्ट या संवादात कुठेही नाही.) त्यावर युधिष्ठिर आणि भीम शब्द देतात, तू वाट कर, आम्ही पाठोपाठ येतो. पोराला एकट्याला पाठवायचा बेत कधीच नव्हता.

तो आत घुसला आणि मागचं खिंडार जयद्रथाने बुजवलं. द्रौपदीला पळवल्याबद्दल भीमाने त्याच्या डोक्यावर पाच शेंड्या ठेवल्या होत्या. त्या अपमानानंतर शंकराकडून मिळवलेला वर इथे कामी आला. अर्जुन सोडून बाकीचे पांडव त्याला हटवू शकले नाहीत.

आतलं वर्णन सावकाश वाचा, फार अस्वस्थ करतं. याचं कवच अभेद्य आहे, आधी धनुष्य तोडा, घोडे मारा, असं द्रोण कर्णाला सांगतात. मग कर्ण धनुष्य तोडतो, कृतवर्मा घोडे मारतो, कृप दोन्ही पार्ष्णिसारथी, म्हणजे रथाच्या बाजूंचे सारथी, मारतो. अभिमन्यू ढाल-तलवार घेऊन उडी मारतो. द्रोण तलवार मुठीपाशी तोडतात, कर्ण ढाल. मग तो रथाचं चाक उचलतो, तेही तुटतं. शेवटी गदा. दुःशासनाच्या मुलाशी गदायुद्धात दोघेही कोसळतात, तो आधी उठतो आणि उठू पाहणाऱ्या अभिमन्यूच्या डोक्यात गदा घालतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्जुनाच्या शपथेतच आहे. तो जयद्रथाला 'बालवधे हेतुम्' म्हणतो, पोराच्या वधाचं कारण. आणि त्या शपथेला एक अट आहे, ती सहसा सांगितली जात नाही: जयद्रथ कौरवांना सोडून आम्हाला, कृष्णाला किंवा युधिष्ठिराला शरण आला नाही, तरच उद्या मी त्याला मारीन.