अप्रेंटिस आहे की फुकटचा हेल्पर?

प्रश्न : सर नमस्कार. आम्ही शिरोलीच्या बाजूला राहतो. मुलगा आयटीआय फिटर पास आहे, ६८ टक्के पडले, आणि इथल्याच एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागलाय. चार महिने झाले पण काम काय तर पार्ट पुसायचे आणि ट्रेमध्ये भरायचे, कधी कधी डबल ड्युटी पण करायला लावतात. जाऊबाई म्हणतात काढा तिथनं आणि डिप्लोमाला घाला, मिस्टर म्हणतात चिकटून राहू दे, पर्मनंट करतील. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, आधी मुलाला एकच गोष्ट विचारा, तुझं काँट्रॅक्ट कुठाय? अप्रेंटिसशिप इंडिया या सरकारी पोर्टलवर त्याच्या लॉगिनला काँट्रॅक्ट दिसतं, त्यात ट्रेड, मुदत, स्टायपेंड सगळं असतं. ते नसेल तर कंपनी त्याला अप्रेंटिस म्हणो नाहीतर जावई म्हणो, कायद्याने तो अप्रेंटिस नाही, स्वस्तातला हेल्पर आहे. आणि असेल तर मग शिकवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे हो, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे उपकार वगैरे कोणी करत नाहीये. ओव्हरटाइम तर अप्रेंटिसशिप ॲडव्हायजरच्या, म्हणजे यावरच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, परवानगीशिवाय लावताच येत नाही. डबल ड्युटीच्या तारखा वहीत लिहून ठेवायला सांगा.

आता पार्ट पुसण्याबद्दल. मी स्वतः टूलरूममध्ये लागलो तेव्हा पहिले दोन महिने कानस आणि एक लोखंडी तुकडा, बस, घासायचा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा, उजेडाकडे धरून फट दिसते का बघायची, दिसली की परत घासायचा. वैताग यायचा, पण हाताला जे वळण लागलं ते तिथंच. तेव्हा कंटाळवाणं काम म्हणजे वाईट काम असं नसतं. फरक कुठाय तर मला चुकलं की सांगणारा उस्ताद होता. तुमच्या मुलाला तो पार्ट पुसताना त्याचा ड्रॉइंग कुणी दाखवला का, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात दिला का, हा पार्ट रिजेक्ट का झाला हे सांगितलं का? त्याला म्हणावं ट्रे भरताना रोज पाच पार्ट स्वतः मोजायची परवानगी मागून घे आणि रीडिंग लिहीत जा. चांगला सुपरवायझर असेल तर अशा पोरावर त्याची नजर जातेच. महिनाभरात काहीच हललं नाही तर शासकीय आयटीआयच्या बीटीआरआय सेंटरला (अप्रेंटिसचं काम बघणारं केंद्र) लेखी तक्रार द्या, तोंडी नको.

पर्मनंटचं मात्र मिस्टरांना स्पष्ट सांगा, कायद्यात कंपनीवर नोकरी द्यायचं बंधन नाही. मिळतं ते नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट, आणि त्याची किंमत आहे, पण रेल्वेच्या लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत अप्रेंटिसना २० टक्के जागा असतात त्या रेल्वेतच अप्रेंटिस केलेल्यांना, खाजगी कंपनीत केलेल्यांना नाही.

आणि जाऊबाईंचं पण चूक नाही, फक्त त्यांना वाटतं तसं हे की ते असं नाहीये. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं, डिप्लोमा झाला की डिग्रीच्या सेकंड इयरला. अप्रेंटिस पूर्ण करून गेला तरी रस्ता तोच, उलट वर्गात लिमिट-फिट-टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) शिकवतील तेव्हा याला डोळ्यासमोर तो ट्रे दिसेल. अर्धवट सोडू नका एवढं माझं मत, पण आधी काँट्रॅक्ट बघा.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा केलाय, नाशिकला राहते. एका ठिकाणी अप्रेंटिस मिळतेय पण स्टायपेंड कमी आहे, त्यापेक्षा कॉल सेंटरला जास्त मिळतात. घरून पण शॉपफ्लोअर (कारखान्यात मशीनवरचं काम) नको म्हणतात. आधी जॉब करून नंतर अप्रेंटिस करू का?

उत्तर : नको, उलटं करू नकोस. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांची सरकारी अप्रेंटिस योजना म्हणजे नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम), त्यात एक वर्ष किंवा जास्त कामाचा अनुभव झाला की तू बादच होतेस. पैशाचं म्हणशील तर २०१९ च्या नियमात डिप्लोमाला महिन्याला किमान ८,००० आणि डिग्रीला ९,००० ठरले होते, आत्ताचा आकडा बघून घे, जास्त द्यायला कंपनीला कुणी अडवत नाही, तेव्हा विचारायला लाजू नकोस. कँटीन आणि बस आहे का तेही विचार, रूमभाडं धरलं तर खरा हिशोब तिथंच होतो.

घरच्यांना एकदा गेटपर्यंत घेऊन जा. टेस्टिंग बेंचवर, पीसीबी (सर्किट बोर्ड) असेंब्लीला मुली भरपूर असतात, हे त्यांनी बघितलेलंच नसतं म्हणून भीती. आणि पहिल्या दिवशी केस घट्ट बांधून जा, ओढणी नको, अंगठी-बांगडी घरी. सोल्डरिंग येत असेलच, तरी आल्या आल्या मला येतं म्हणू नकोस, आधी त्यांचं कसं करतात ते बघ.