बाळंतपणासाठी नाव कुठे घालावे?

प्रश्न : माझी मुलगी पुण्याला असते. तिला सातवा महिना लागला असून पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी, चिपळूणजवळच्या आमच्या गावी येणार आहे. शेजारणी खासगी दवाखान्यांची नावे सुचवतात, तर जाऊबाई कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयाचा आग्रह धरतात. डॉक्टर कसे निवडावेत?
– एक वाचक, ता. चिपळूण

उत्तर : ‘हाताला गुण आहे’ एवढ्यावर डॉक्टर ठरवू नयेत. पाटीवरची पदवी आधी पाहावी. एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ यांपैकी एक, तीही स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील, असावी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक दिलेला असावा. मात्र खरी परीक्षा रात्रीची असते. रात्री दोन वाजता सिझेरियन करण्याची वेळ आली, तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात, बालरोगतज्ज्ञ कोण येतात, रक्त कुठून आणावे लागते आणि डॉक्टर परगावी गेल्यास त्यांच्या जागी कोण असते, हे प्रश्न संकोच न करता समक्ष विचारावेत. त्यांवर कपाळाला आठ्या पडत असतील, तर दुसरा दवाखाना पाहावा. नर्सिंग होमचे नोंदणी प्रमाणपत्र व दरपत्रक दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे. २०२१च्या सुधारित नियमांनी दरपत्रकाबरोबर रुग्ण हक्कांची सनद लावणेही बंधनकारक केले आहे.

जाऊबाईंचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि आहार मोफत असून १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची विशेष तपासणीही होते. त्या दिवशी मुलीला कामथ्याला नेऊन वरचेच प्रश्न तिथेही विचारावेत. गावच्या आशाताईंशी बोलावे. कोणत्या बाईला कुठून, कोणत्या कारणाने पुढे पाठवले, हे त्यांना शेजारणींपेक्षा अधिक ठाऊक असते.

नाव खासगीत घाला वा सरकारीत, पण कळा सुरू होईपर्यंत थांबू नका. मुलीने येताना सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट, रक्तदाबाच्या नोंदी आणि माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर आणावे आणि निघण्यापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांना प्रवासाबद्दल विचारावे. वार (प्लॅसेंटा) खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा जुळे असेल, तर कुंभार्ली घाट उतरून तिने येण्यापेक्षा तुम्हीच पुण्याला जाऊन राहणे बरे.