सभागृह पुन्हा भरवायचं तर

प्रिय सभापती,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हजेरीपटावर २७ नावं, गेल्या बैठकीला ५ जण, आणि त्याआधी अर्थसंकल्प एकही भाषण न होता मंजूर. अभिरूप सरकारचा खेळ, म्हणजे आपणच मंत्री आणि विरोधक होऊन सभागृह चालवायचं तो, मरायला लागला की असाच मरतो, भांडण न होता. शेवटी तू विचारलं आहेस, 'कुठला नियम बदलू?' नवी कलमं लिहायला बसू नकोस, हे माझं पहिलं सांगणं. एकदोन आकडे तेवढे बदलावे लागतील, त्यांच्याकडे पुढे येतो.

आमचा खेळ ओसरला तेव्हा मी घटनाच नव्याने लिहायला घेतली होती. उपकलमं, परिशिष्टं, मतं समसमान पडली तर काय करायचं त्याची वेगळी पानं. दोन महिने मन लावून काम केलं. मसुदा मंजुरीला ठेवला त्या दिवशी गणपूर्तीसुद्धा, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरीसुद्धा, झाली नाही. माणसं नियम अपुरे होते म्हणून गेली नव्हती. त्यांना तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मी दोन महिने त्यांच्याशी बोलायचं सोडून कागदाशी बोलत होतो.

म्हणून आधी जे गेले त्यांच्याशी एकेकट्याने बोल. 'परत ये' म्हणू नकोस. इतकंच विचार, की या खेळात तुझ्या हातून शेवटची गोष्ट काय घडली? बहुतेक जण म्हणतील, मत दिलं. आणि त्या मताने निकाल बदलला का? नाही. इथे बहुतेक वेळा रोगाचं नाव कळतं. तेच चौघे पुन्हा पुन्हा मंत्री होतात, ठराव येण्याआधीच त्याचा निकाल ठरलेला असतो, आणि नव्याने आलेल्याला सांगितलं जातं, 'पुढच्या निवडणुकीपर्यंत थांब.' तो थांबत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता आकडे. तुमची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे, ती आधी खाली आण. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०० प्रमाणे सभागृहाची गणपूर्ती एकूण सदस्यांच्या एक दशांश असते. ब्रिटनच्या ६५० जणांच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ती ४० आहे. एवढ्या मोठ्या सभागृहांनी हा आकडा लहान ठेवला आहे, आणि आपण हौसेच्या खेळात निम्म्यांची अट घालून बैठकांमागून बैठका रद्द करतो. रद्द झालेली बैठक आलेल्यांचाही विरस करते. पाच जण आले तर पाच जणांची बैठक ठरल्या वेळी सुरू कर आणि तिचा वृत्तान्त नावांसकट सगळ्यांना पाठव. ठरलेला वार मात्र कधी चुकवू नकोस.

दुसरा आकडा मंत्र्यांचा. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने केंद्रातलं मंत्रिमंडळ, पंतप्रधान धरून, लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठं असू नये असं ठरवलं. तुझ्याकडे खरोखर खेळणारे बारा असतील आणि त्यातले नऊ मंत्री असतील, तर सरकारला प्रश्न विचारणार कोण? पदं वाटून माणसं टिकतील असं आपल्याला वाटतं. पण काम नसलेलं खातं मिळालेला माणूस फार लवकर गळतो, कारण आपल्याला नुसता मान दिलाय हे त्याला कळतं. बारांत तीन मंत्री पुरेत. चौघांना तरी पक्का विरोधी पक्ष होऊ दे, त्यांचा नेता निवडू दे, त्या नेत्याला वृत्तान्तात पंतप्रधानांइतकीच जागा दे.

आणि प्रश्नोत्तराचा तास सुरू कर. बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नकोस. विधेयक लिहायला अभ्यास लागतो, भाषणाला धीर लागतो, प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी आलेल्यालाही विचारता येतो. लोकसभेत तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. खरा जीव त्या पुरवणी प्रश्नात आहे. पहिलं उत्तर मंत्री तयार करून आणतो. पुरवणी आली की त्याला आपलं खातं ठाऊक आहे की नाही ते सगळ्यांसमोर उघड होतं. तुमच्याकडे दोन दिवस आधी प्रश्नाची सूचना, बैठकीत उत्तर आणि मग दोन पुरवण्या, एवढं पुरेल. उत्तर आलं नाही तर 'उत्तर आले नाही' असं वृत्तान्तात लिही. त्या तीन शब्दांसाठी मंत्री पुढच्या वेळी हजर राहतील.

विषय कुठून आणायचे, हेही तू विचारलं आहेस. टंचाईतून आण. अर्थसंकल्पावर कोणी बोललं नाही कारण त्यात सगळ्यांना सगळं मिळालं होतं. तिजोरीत १०० एकक ठेव आणि खात्यांच्या गरजा १४० एककांच्या होतील अशी परिस्थिती सदस्यांपुढे मांड. धरणाची भिंत खचली आहे, शिक्षकांचा संप चालू आहे, आणि दोन्हींना पुरेसा पैसा नाही. आरोग्यमंत्र्याला आपले २० एकक वाचवायला सभागृहात बोलावंच लागेल. परिस्थिती लिहिणारा मात्र कुठल्याच पक्षाचा नसावा, आणि सरकारने काय केलं त्यावरून पुढच्या आठवड्याची परिस्थिती बदलली पाहिजे. भिंत दुरुस्त केली नाही तर ती पुढे कोसळली पाहिजे. आपल्या मताने काहीतरी घडतं हे दिसल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा मत द्यायला येत नाही.

सरकारही पडू शकलं पाहिजे. लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव १९६३ साली आचार्य कृपलानींनी नेहरूंच्या सरकारविरुद्ध आणला होता. बाजूने ६२ आणि विरोधात ३४७ मतं पडली. ठराव हरणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी चर्चा कित्येक तास चालली, कारण सरकारला आपला सगळा हिशेब सभागृहापुढे मांडायला लागला. उलट टोक १७ एप्रिल १९९९चं. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला. तुझ्या सदस्यांना हे सांग. एक गैरहजेरी काय करते ते या आकड्यांत दिसतं.

पण दर आठवड्याला सरकार पडू लागलं तर तेही लोकांना दमवतं. तेव्हा जर्मनीची तोड वापर. तिथल्या घटनेच्या अनुच्छेद ६७ प्रमाणे नुसतं 'हे सरकार नको' म्हणून भागत नाही, त्याच ठरावात नवा चान्सलर, म्हणजे तिथला सरकारप्रमुख, निवडावा लागतो. १९८२ साली हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते याच मार्गाने. तुमचा विरोधी नेता पर्याय उभा करायला आठवडाभर माणसं जोडत फिरेल, आणि ते जोडणं हाच निम्मा खेळ आहे.

माणसं बोलावण्याची अडचण आपली एकट्याची नाही. प्राचीन अथेन्समध्ये लोकांना सभेकडे वळवायला लाल रंगात बुडवलेला दोर चौकातून ओढत नेत, असा उल्लेख त्या काळच्या एका विनोदी नाटकात येतो. इसवीसनपूर्व चौथ्या शतकाच्या सुरुवातीपासून सभेला येणाऱ्यांना भत्ताही मिळू लागला. मला त्यापेक्षा त्यांची दुसरी रीत आवडते. त्यांच्या ५०० जणांच्या मंडळात माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली जात आणि अध्यक्षस्थानी बसणारा रोज बदलत असे. तूही उपसभापती दर बैठकीला चिठ्ठी टाकून निवड. ज्याचं नाव निघेल त्याच्या शेजारी बस, चुकला तर हळू आवाजात सांग.

आवाहनं मात्र बंद कर. 'सर्वांनी सहभागी व्हावे' ही सूचना कोणालाच उद्देशून नसते. एका माणसाला एक काम सांग. 'गुरुवारी धरणावरचा दुसरा प्रश्न तुझ्या नावावर टाकू का?' दहा जणांना असं विचारलंस तर तीन येतील. तिघे खूप झाले. पुढच्या आठवड्यात त्या तिघांनाच आणखी एकेकाला विचारायला सांग.

शेवटची गोष्ट जुन्या सदस्यांची, आणि ती लिहिताना मला अजून जड जातं. आमच्याकडे एक मुलगी नवी आली होती. तिसऱ्या बैठकीत ती पहिल्यांदा बोलायला उभी राहिली. तिने उपसूचना, म्हणजे ठरावात बदल सुचवणारी सूचना, मांडली, पण विहित नमुन्यात मांडली नाही. मी हरकतीचा मुद्दा घेतला. माझं नियमाने बरोबर होतं, सभापतींनी तसा निर्णयही दिला. ती खाली बसली आणि त्यानंतर कधी आली नाही. तिची उपसूचना चांगली होती. तिच्याकडे जाऊन 'चल, नीट नमुन्यात लिहू' म्हणायला मला पाच मिनिटं लागली असती.

तुझ्याकडेही माझ्यासारखे दोघे-तिघे असतील. त्यांना दूर करू नकोस, त्यांच्याइतकं प्रेम या खेळावर दुसऱ्या कोणाचं नाही. एक कार्यकाल मंत्रिपदासाठी उभे राहू नका अशी त्यांना विनंती कर, आणि प्रत्येकाला एक नवा सदस्य सोपव. त्याचे प्रश्न नमुन्यात बसवून देणं, विधेयकाचा मसुदा तपासणं, हे त्यांचं काम. हरकतीचा मुद्दा नव्या सदस्याच्या पहिल्या भाषणात कोणीच घ्यायचा नाही, हा एक नियम मात्र तू आजच कर. नवी कलमं लिहू नकोस म्हणालो होतो, त्याला हा अपवाद.

कार्यकाल सहा आठवड्यांचा ठेव आणि तो संपण्याची तारीख आधीच जाहीर कर. आत येताना बाहेर पडायची तारीख माहीत असली की माणूस बेधडक आत येतो.

गुरुवारच्या बैठकीचा वृत्तान्त मला पाठव. किती जण आले यापेक्षा पहिल्यांदा कोण बोललं आणि काय बोललं, ते आधी लिही.

तुझा,
एक माजी विरोधी पक्षनेता