शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना : परिचारिकांच्या कामात सुधारणा कुठे हवी?

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या वेदना परिचारिकांनी अधिक चांगल्या रीतीने हाताळाव्यात, यासाठी नेमके काय बदलावे, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे सर्जिकल वॉर्डात काम करते आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

पहिली गफलत विचारण्यातच होते. निपचित पडलेल्या रुग्णाला ‘दुखतंय का?’ असे विचारले की तो ‘नाही’ म्हणतो आणि आम्ही तशी नोंद करून पुढच्या खाटेकडे वळतो. वास्तविक पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दुखू नये म्हणूनच हालत नसतो. तो खोल श्वास घेत नाही, खोकला दाबून धरतो, आणि मग छातीत कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून वेदना खोकताना आणि कुशीवर वळताना मोजावी. शून्य ते दहा हे मोजमाप आमच्याकडच्या एका आजींना काही केल्या उमगेना. शेवटी ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ असे विचारून त्यांना खोकायला सांगितले. टाक्यांवर उशी दाबून धरत त्या खोकल्या आणि म्हणाल्या, ‘बारा आणे हाय बाई, पर तू कामात व्हतीस.’ ते ‘कामात’ मला अजून बोचते.

दुसरी अडचण केसपेपरवरच्या ‘एसओएस’, म्हणजे ‘गरज पडल्यास द्यावे’, या शेऱ्याची. त्याचा अर्थ व्यवहारात असा होतो की, रुग्ण कळवळेपर्यंत औषध मिळत नाही. एरवी प्रकृती ठीक असलेल्या प्रौढाला पॅरासिटामॉल दर सहा तासांनी 1 ग्रॅम, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त 4 ग्रॅम, असे ठरल्या वेळी दिले, तर मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल या अधिक तीव्र वेदनाशामकांची गरज कमी होते. मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. परंतु राउंडच्या वेळी ‘सर, हे एसओएसऐवजी नियमित लिहू या का?’ एवढे विचारणे आमच्या हातात आहे, आणि ते बहुधा मान्य होते.

औषध दिल्यावर पुन्हा विचारणे तर सर्रास राहून जाते. शिरेतून दिले असल्यास साधारण अर्ध्या तासात, गोळी दिली असल्यास तासाभरात परत जावे. आमच्या छापील तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. तो आम्ही पट्टीने आखून घेतला.

मॉर्फिनची सवय लागेल, या भीतीने हात आखडता घेणाऱ्या सहकारी मी पाहिल्या आहेत. चार-दोन दिवसांच्या देखरेखीतील वापरात खरी काळजी अतिगुंगीची आणि मंदावणाऱ्या श्वासाची असते. त्यामुळे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत, रुग्ण हाकेला ओ देतो का ते पाहावे आणि मॉर्फिनचा परिणाम उतरवणारे नॅलॉक्सोन हे औषध हाताशी ठेवावे. मात्र प्लास्टर घातलेल्या पायाची वेदना औषध देऊनही वाढतच असेल, बोटे हलवताना रुग्ण ओरडत असेल, तर पुढच्या डोसची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांना बोलवावे, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात.