वाचकांचे प्रश्न : द्राक्षांच्या मुलखात संत्रावाल्यांनी काय पाहावे?

प्रश्न : आम्ही वरुड तालुक्यातले संत्राउत्पादक आहोत. मुलगी दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे संशोधन करते. आंबिया बहाराची तोडणी लागण्यापूर्वी, सप्टेंबरात, आम्ही दोघे आठ दिवसांसाठी तिच्याकडे जाणार आहोत. तो भाग वाइनचा असल्याचे कळते. आम्ही माळकरी असल्याने दारूला शिवत नाही आणि मांसाहारही करीत नाही. मोटार चालवणारे कोणी नाही. अशा स्थितीत तेथील गावे, समुद्र आणि शेतशिवार कसे पाहावे?
(एक वाचक, वरुड तालुका)

उत्तर : वाइनचा घोटही न घेता हा मुलूख पाहता येतो, किंबहुना आपल्यासारख्या बागाईतदाराला तो इतर पाहुण्यांपेक्षा अधिक कळेल. सुरुवात माँपेलिएच्या रेल्वेस्थानकासमोरील छोट्या बागेपासून करावी. तेथे प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाचा पुतळा आहे. एकोणिसाव्या शतकात येथील द्राक्षवेली एकाएकी वाळू लागल्या तेव्हा प्लांशाँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1868 मध्ये मुळ्या उकरून पाहिल्या आणि त्यांवर फिलॉक्सेरा नावाची बारीक पिवळसर कीड शोधून काढली. ही कीड अमेरिकेतून आली होती आणि तिला दाद न देणाऱ्या वेलीही अमेरिकेतल्याच होत्या. त्यामुळे अमेरिकन वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, फ्रेंच द्राक्षाचे कलम करणे हाच शेवटी टिकाऊ इलाज ठरला. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणाऱ्या आणि शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिका पाहिलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. जुन्या बागांत वेली तारेवर किंवा मांडवावर चढवलेल्या नसतात. त्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या बुटक्या झुडपांसारख्या असतात. एखाद्या वेलीजवळ खाली बसून बुंध्याला हात लावला की कलमाच्या सांध्याची गाठ बोटांना जाणवते, आणि ती मातीच्या वर ठेवलेली असते. आपण डोळा मातीखाली जाऊ देत नाही, तसेच ते करतात, मात्र कारण वेगळे आहे. आपल्याला डिंक्याची, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाची, भीती असते. त्यांना भीती अशी की सांधा मातीत गेला तर वरच्या फ्रेंच वेलीला स्वतःच्या मुळ्या फुटतील आणि कीड पुन्हा मार्ग काढील. सप्टेंबर हा द्राक्षतोडणीचा हंगाम असल्याने शिवारात माणसेही दिसतील. मालकाला विचारल्याखेरीज मात्र बागेत शिरू नये.

मोटारीची अडचण वाटते तेवढी नाही. नीम, माँपेलिए, सेत, बेझिए, नार्बोन, कार्कासोन आणि पुढे तुलूझ ही सर्व शहरे एकाच मुख्य रेल्वेमार्गाने जोडलेली आहेत, तेव्हा मुक्काम मुलीकडेच ठेवून सकाळी निघावे आणि संध्याकाळी परतावे. रोज सामान बांधून हॉटेले बदलण्याचा उद्योग आठ दिवसांत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्रासाठी सेत बंदर जवळचे आहे. परंतु एकच किनारा निवडायचा असेल तर मी नीमहून एग-मॉर्तला जाण्यास सांगेन. या नावाचा अर्थच ‘मृत पाणी’ असा आहे. नवव्या लुई राजाने 1248 मध्ये धर्मयुद्धासाठी येथून जहाजे हाकारली. आज समुद्र काही किलोमीटर दूर आहे आणि चौकोनी तटबंदी खाजण व मिठागरांच्या मध्ये उभी आहे. मिठागरांचे पाणी एका सूक्ष्म शेवाळामुळे गुलाबी दिसते. तेथील काँस्तांस बुरुजात मारी द्युराँ या प्रॉटेस्टंट स्त्रीने आपला पंथ सोडण्यास नकार देत 1730 पासून 38 वर्षे कैदेत काढली. आणि बागाईतदारासाठी एक गंमत : वाळूत फिलॉक्सेरा जगत नाही, म्हणून या किनाऱ्यावरील रेताड जमिनीत विनाकलमाच्या वेलीही तगल्या.

कार्कासोनचा किल्ला सगळे जण पाहतात, आपणही पाहावा. 52 बुरुजांची ती दुहेरी तटबंदी देखणी आहेच. मात्र 1853 पासून झालेल्या डागडुजीत बुरुजांवर चढवलेली टोकदार छपरे उत्तर फ्रान्सच्या धाटणीची आहेत, ही टीका तेव्हापासून होत आली आहे आणि मला ती पटते. नार्बोनमध्ये नगरभवनासमोरील चौकात, पायाखालच्या पातळीच्या खाली, रोमन काळातील दोमितिया महामार्गाचा दगडी तुकडा उघडा ठेवला आहे. याच नार्बोनमध्ये जून 1907 मध्ये लष्कराने आंदोलकांवर गोळ्या चालवल्या. भेसळीच्या आणि साखर घालून वाढवलेल्या वाइनमुळे, शिवाय अतिउत्पादनामुळे, भाव कोसळले होते. आर्जेलिए गावच्या मार्सेलँ आल्बेरने उभारलेल्या चळवळीच्या माँपेलिए येथील सभेला पाच लाखांहून अधिक माणसे जमली होती. बंदोबस्तावरील सतराव्या पलटणीत याच भागातली पोरे होती, त्यांनी बंड केले. महिनाअखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसाने त्या चौकात थोडा वेळ थांबावे.

जेवणाचे थोडे सांभाळावे लागेल. ‘कासुले’ हा पदार्थ पांढऱ्या शेंगदाण्यांसारख्या दिसणाऱ्या घेवड्याच्या दाण्यांचा असला तरी त्यात बदक वा डुकराचे मांस असते. परंपरागत चीज बहुधा वासराच्या किंवा करडाच्या जठरातील विरजणाने लावतात, हेही माळकऱ्यांनी जाणून असावे. पाव, जैतून, अंजिरे आणि मुलीच्या घरचे वरण यांवर आठ दिवस सहज निघतात.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात भूगोल शिकवतो. दक्षिण फ्रान्समधील कनाल द्यु मिदी हा कालवा डोंगर ओलांडतो म्हणतात. पाणी चढावर कसे गेले?
(एक शिक्षक)

उत्तर : पाणी चढावर गेले नाही, ते माथ्यावरच आणून सोडले. पिएर-पॉल रिके हा मीठकर वसूल करणारा गृहस्थ होता, अभियंता नव्हता. भूमध्य समुद्र आणि अटलांटिककडे वाहणाऱ्या पाण्याच्या जलविभाजकावर, सुमारे 190 मीटर उंचीवरील नोरूझच्या खिंडीत, त्याने ‘काळा पर्वत’ येथील ओढे एकत्र करून, सँ-फेरेओल धरणात साठवून आणले आणि तेथून ते दोन्ही बाजूंना उतरवले. काम 1666 मध्ये सुरू झाले आणि 240 किलोमीटरचा कालवा 1681 मध्ये खुला झाला. रिके त्याच्या काही महिने आधी वारला. होड्या उतरवण्याची पायऱ्यांसारखी द्वारे बेझिए शहराजवळ फाँसेरान येथे आहेत. होडी एका हौदात शिरते, मागचे दार मिटते, पाणी सोडले जाते, होडी हळूहळू खाली बसते आणि मग पुढचे दार उघडते. विद्यार्थ्यांना दाखवायचे असल्यास एवढ्या एका हौदाची पातळी फळ्यावर दोनदा काढली, आधीची आणि नंतरची, तरी पुरते.