पोलमुळे मांडीवर येणारं पुरळ, सटकणारी ग्रिप आणि ती तीन औषधांची ट्यूब

पोल डान्सचा क्लास लावल्यापासून मांडीच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या लवणीत लाल, खाजरे चट्टे उठतात. स्किन क्लिनिकनं दिलेलं क्रीम लावलं की दोन दिवसांत जातात, थांबवलं की दुपटीनं येतात. आणि पावसाळा लागल्यापासून साध्या पोल सिटमध्येही (मांड्यांत पोल धरून बसताना) मांडी सटकते, म्हणून मांडीला स्पिरिट घासावं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. वॉर्मअप, मॅट, दोन्ही बाजूंनी सराव वगैरे तुमच्या शिक्षिका सांगत असतीलच, ते सोडते. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करणं किंवा थांबवणं हे त्वचारोगतज्ज्ञाला दाखवूनच करा.

आधी ती ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, त्याच्या जोडीला बुरशीविरोधी क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल, आणि वर जिवाणूविरोधी जेंटामायसिन किंवा निओमायसिन असं तिहेरी मिश्रण असेल, तर 'लावलं की जातं, थांबवलं की येतं' याचा उलगडा बहुतेक तिथेच होतो. पहिलं औषध स्टेरॉइड आहे. ते लाली आणि खाज झटपट दाबतं. खाली नायटा असेल तर बुरशी मात्र निवांत पसरत राहते, कारण तिच्याशी लढणारी त्वचेची प्रतिक्रियाच आपण बंद केलेली असते. शिवाय नायट्याची ओळख पटवणारी गोल, उठावदार कडा पुसट होते आणि पुढच्या डॉक्टरला निदान करणं अवघड जातं. जांघेत आणि मांडीच्या आत त्वचा पातळ असते, घडीत औषध कोंडून राहतं, त्यामुळे ते जास्त शोषलं जातं. तिथे स्टेरॉइडनं पडलेले ताणाचे पट्टे पूर्ण जात नाहीत.

मला सगळ्यात महागात पडलं ते असंच एक क्लिनिक. नाव लिहीत नाही, आणि नावाला महत्त्वही नाही, कारण असली क्लिनिकं गल्लोगल्ली आहेत. तिथे चट्टा खरवडून कुणी पाहिला नाही, पोल कोणत्या धातूचा आहे हे विचारलं नाही. 'असले नाच कशाला करता, बंद करा' एवढं मात्र ठणकावून सांगितलं आणि वर ट्यूब दिली. खरं तर चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा ब्लेडच्या बोथट बाजूनं खरवडायचा, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, एवढीच केओएच तपासणी असते. त्याच भेटीत उत्तर मिळू शकतं. ती न करता मांडीच्या आतल्या चट्ट्यावर तिहेरी मिश्रण लिहून देणं हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे, याबद्दल माझं मत बदलणार नाही. तुम्ही मात्र एक लक्षात ठेवा. बुरशीविरोधी क्रीम चालू असताना खरवडलं तर बुरशी असूनही तपासणीत ती दिसत नाही, असं होऊ शकतं. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच 'किती दिवस आधी क्रीम थांबवू' हे विचारा. स्टेरॉइड बरेच आठवडे लावलं असेल तर अचानक सोडल्यावर सगळं उफाळून येतं, तेही त्यांच्याच देखरेखीखाली होऊ द्या. ट्यूब सोबत न्या, नुसता फोटो नको.

तोवर चट्टे नीट न्याहाळून टिपून ठेवा, कारण पोल करणाऱ्यांत चार वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात. घर्षणाची जखम पोल जिथे रुतला तिथेच, पट्ट्यासारखी, क्लासमध्येच दिसते. ती चुरचुरते, खाजत नाही, आणि दोन-तीन दिवसांत शमते. निकेलची ॲलर्जी उशिरा उठते. क्लासनंतर अर्ध्या दिवसापासून तीन दिवसांपर्यंत कधीही बारीक पुरळ येतं, प्रचंड खाज सुटते, आणि पोल टेकतो त्या सगळ्याच जागी येतं: मांडी, लवण, कोपराची आतली घडी, काख. नकली कानातल्यांनी कान चिघळण्याचा किंवा जीन्सच्या बटणाखाली पोटावर खाजण्याचा इतिहास असेल तर संशय बळावतो. नायटा कडेनं पसरतो, मधे थोडा निवळतो, घाम आला की कंड वाढतो आणि पोल न टेकणाऱ्या जागीही जातो, बहुधा जांघेत. घरात आणखी कुणाला आहे का तेही पाहा. चौथा प्रकार केसांच्या मुळाशी येणाऱ्या पिवळसर पुटकुळ्या, वॅक्सिंग किंवा शेव्हिंगनंतर दोन-तीन दिवसांत. एकाच मांडीवर यातले दोन प्रकार एकत्र असू शकतात, म्हणून घरच्या घरी निदान करू नका. पण 'क्लासनंतर किती तासांनी उठलं' हे उत्तर तयार असेल तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

निकेलबद्दल जरा जास्त लिहिते, कारण स्टुडिओत याबद्दल कुणी बोलत नाही. बहुतेक पोल क्रोमचे असतात. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि त्याखाली निकेलचा थर असतो. नवा, अखंड पोल सहसा त्रास देत नाही. पण अंगठ्या, जोडवी, पैंजण यांनी ओरखडे पडले की खालचं निकेल उघडं पडतं आणि खारट घाम ते विरघळवून त्वचेवर आणतो. जोडव्यांवर टेप गुंडाळून चढणाऱ्या असतात. टेप सरकते, पोलही जातो आणि बोटही दुखावतं, तेव्हा काढूनच ठेवा. पोलला ओरखडे आहेत का, कुठे पिवळट झाक दिसते का, हे स्टुडिओत जाऊन नीट बघा. डायमिथाइलग्लायऑक्झीमचा (निकेल ओळखणाऱ्या रसायनाचा) संच मिळाला तर कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून पोलवर अर्धा मिनिट घासायचा. बोळा गुलाबी झाला की निकेल सुटतंय. तुम्हाला ॲलर्जी आहे का, याचं खात्रीचं निदान पॅच टेस्टनं होतं. पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात, मग काढून पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घामही येऊ द्यायचा नाही, म्हणजे तो आठवडा क्लास बंद. आपल्याकडच्या दमट हवेत पट्ट्या सुटतात, त्यामुळे जमल्यास हिवाळ्यात करा.

ॲलर्जी निघाली तरी छंद सोडायची गरज नाही. पितळी पोलमध्ये सहसा निकेल नसतं आणि घामट हातांना तो सगळ्यात चांगला धरतो. फक्त काळवंडतो आणि हाताला वास येतो. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण ८ ते १० टक्के निकेल असतं, पण ते घट्ट बांधलेलं असतं, फार कमी सुटतं. बऱ्याच जणींना चालतं, फार संवेदनशील असलेल्यांना नाही. सिलिकॉनचं आवरण असलेला पोल पूर्ण कपड्यांत वापरता येतो, मात्र त्यावर उघड्या त्वचेनं सरकत खाली येऊ नका, कातडी सोलवटते.

नायटा निघाला तर औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे, चट्टा दिसेनासा झाल्यावरही पूर्ण करा. आणि कपड्यांकडे लक्ष द्या. पावसाळ्यात शॉर्ट्स वाळत नाहीत आणि ओलसरच घातल्या जातात, तिथे सगळं परत सुरू होतं. शॉर्ट्सचे तीन-चार जोड ठेवा, कापड सोसत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा, टॉवेल आणि सुती कपड्यांना उलट बाजूनंही इस्त्री फिरवा. मॅटवर स्वतःचा टॉवेल अंथरा.

आता सटकणं. पुरळ आणि सटकणं ही तुमची एकच साखळी आहे. मलम लावलं की मांडी ओशट होते, म्हणून ती सटकते, म्हणून तुम्ही मांडीला स्पिरिट घासता, त्यानं त्वचेचं संरक्षक आवरण फाटतं, म्हणून पुरळ वाढतं आणि पुन्हा मलम येतं. स्पिरिट पोलसाठी आहे, मांडीसाठी नाही. क्लासच्या तास-दोन तास आधी साध्या साबणानं अंघोळ आणि कोरडा टॉवेल, एवढं त्वचेला पुरतं. पोल मात्र ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरच्या फडक्यानं, दर पाळीनंतर पुसा. सॅनिटायझर वापरू नका. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं, आणि तेच पोलवर बुळबुळीत थर धरतं. जुना चिकट थर क्रोमवरून पांढऱ्या व्हिनेगरनं निघतो. पितळेला व्हिनेगर लावू नका.

ओशटपणा येतो कुठून ते शोधा. मांडीला काही लावलं नाही, तरी रात्री डोक्याला चोपडलेलं खोबरेल उशीवरून मानेला, खांद्याला लागतं आणि खांद्यावर पोल घ्यायच्या हालचाली निसटतात. सनस्क्रीन चेहऱ्याला लावून हात साबणानं न धुणं, वॅक्सिंगनंतर पार्लरवाली चोळते ते तेल, मेंदीवरचं निलगिरीचं तेल, कपड्यांचं सॉफ्टनर, क्रीमवाले साबण, सगळे यातलेच. दिवाळीत अभ्यंगस्नान झालं की दोन दिवस उलटं लटकायचं नाही, हा नियमच करा. वॅक्सिंग क्लासच्या किमान दोन दिवस आधी, शेव्हिंग एक दिवस आधी. मॉइश्चरायझर क्लासनंतरच्या अंघोळीवर, ओलसर अंगाला, सिरामाइड (त्वचेतला स्निग्ध घटक) असलेलं साधं बिनवासाचं. सकाळचा क्लास असेल तर आदल्या रात्री मांड्या आणि दंडाची आतली बाजू सोडून लावा.

मग ग्रिपची साधनं. पावसाळ्यात हात घामट असतील तर लिक्विड चॉक (हात कोरडे ठेवणारी पातळ खडू), वाटाण्याएवढं, पूर्ण वाळू द्यायचं. थंडीत उलट होतं: त्वचा कोरडी पडते, धातू गार असतो, आणि चॉकनं आणखीच सटकतं. तेव्हा पोल हातानं, फडक्यानं घासून कोमट करा. शेव्हिंग फोम तळहातावर चोळून वाळवण्याची युक्ती कोरड्या हातांना खरंच लागू पडते. मेणाचे चिकट ग्रिप पोलवर राहतात आणि पुढचीला त्रास होतो, स्टुडिओला विचारल्याशिवाय नको. आणि कुणी मल्लखांबाचा दाखला देऊन एरंडेल सुचवलं तर ऐकू नका. तिथे लाकडाचं घर्षण कमी करायला एरंडेल लावतात, इथे गुळगुळीत धातूवर घर्षणाचाच तुटवडा आहे.

सटकणं हलक्यात घेऊ नका म्हणण्याचं आणखी एक कारण कोपर. पोल सटकतोय असं वाटलं की आपण मूठ आवळतो आणि ताण मनगट वाकवणाऱ्या स्नायूंच्या मुळाशी, कोपराच्या आतल्या हाडापाशी जातो. तिथे दाबून दुखायला लागलं, बरणीचं झाकण फिरवताना कळ आली, तर स्पिन आणि एकहाती धरणं लगेच कमी करा, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम घ्या. नुसत्या विश्रांतीनं तात्पुरतं थांबतं आणि पहिल्याच क्लासला परत येतं. चढण्याआधी खवाटे (खांद्यामागची पाती) खाली ओढून धरायची सवय लावा, मग सगळा भार मुठीवर येत नाही.

काळ्यानिळ्या डागांवर पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं. चोळू नका. पोल न टेकलेल्या जागी डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा सोबत ताप असेल तर प्लेटलेट्स तपासा. पावसाळा म्हणजे डेंग्यूचे दिवस. पुरळ गेल्यावर राहणारा तपकिरी डाग काही महिन्यांत आपोआप फिकट होतो. त्यावर लिंबू, सोडा किंवा गोरेपणाची क्रीमं नकोत, त्यांतल्या कित्येकांत पुन्हा तेच स्टेरॉइड असतं.

तुम्ही शेवटी घरी पोल लावण्याचं विचारलंय. दाबावर (जमीन आणि छत यांच्यामध्ये घट्ट) बसणारा पोल घेणार असाल तर आधी छत वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर ते फॉल्स सीलिंग, तिथे विषयच संपला. स्लॅब असला तरी आपल्याकडे त्याखाली प्लास्टर आणि प्लास्टरवर पीओपीचा थर असतो. दाबाखाली तो चुरतो, पोल हळूहळू सैल होतो आणि चार क्लाइंबनंतर कळतं. जिथे वरची थाळी बसणार तिथला पीओपी गवंड्याकडून खरवडून सपाट काँक्रीटपर्यंत जा, शक्य तर बीमखालची जागा निवडा, आणि दर वेळी चढण्याआधी ताण तपासा. जाड मॅट घ्या. रेलिंगच्या दुकानातला पाइप कापून आणू नका. तो बहुधा ३८ किंवा ५१ मिलिमीटरचा, पातळ पत्र्याचा आणि २०२ या स्वस्त दर्जाच्या स्टीलचा असतो, ४५ मिलिमीटरच्या पोलची सवय असलेल्या हाताला बसत नाही, वजनाखाली वाकतो आणि घामानं लवकर गंजतो. पण खरेदी इतक्यात नको. तुमची त्वचा कोणता धातू सोसते हे कळल्यावरच पोलचा फिनिश (वरचा धातू) निवडा.